खुब्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया: सोलापूरकरांसाठी पहिल्या तपासणीपासून पुन्हा चालू लागेपर्यंत

गाडीवरून पाय काढताना जांघेत कळ येते. मांडी घालून जेवायला बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. एक्स-रे पाहून कुणी 'सगळं ठीक आहे' म्हणतं, गोळ्यांचा कोर्स संपतो आणि दुखणं तसंच राहतं. मग ओळखीतलं कुणी सुचवतं, "आता दुर्बिणीतून होतं, दोन भोकं पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी." दोन-तीन भोकं हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी घरी हेही बहुतेक वेळा खरं असतं. पण त्याआधीची तीन-चार महिन्यांची तयारी आणि नंतरचे सहा महिने याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शस्त्रक्रिया फळाला येणार की नाही, हे बरंचसं तिथंच ठरतं.

गुडघ्याची दुर्बीण तुमच्या पाहण्यात असेल, पण त्यावरून खुब्याचा अंदाज बांधू नका. गुडघा कातडीखाली लगेच सापडतो. खुबा स्नायूंच्या जाड थरांखाली खोल असतो आणि मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत इतका घट्ट बसलेला असतो, की पाय ओढून फट केल्याशिवाय दुर्बीण आत जातच नाही. म्हणून गुडघ्याची दुर्बीण करणारे सर्जन पुष्कळ आणि खुब्याची नियमित करणारे मोजके आहेत. गावात सोय नसेल तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्या प्रवासाचा विचार करूनच मांडल्या आहेत.

१. दुखणं नेमकं कुठं आहे, ते बोटानं दाखवा

आपल्याकडे 'कंबर दुखते' या दोन शब्दांत पाठीच्या मणक्यापासून मांडीपर्यंतचं सगळं येतं. डॉक्टरांपुढं शब्दांवर अवलंबून राहू नका, जागा दाखवा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा पुढं जांघेत जाणवतं. पुष्कळ रुग्ण अंगठा मागं आणि चार बोटं पुढं ठेवून खुबा मुठीत धरल्यासारखा दाखवतात. ही खूण डॉक्टरांना लगेच कळते. मागं कुल्ल्यात दुखून कळ गुडघ्याखाली पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी मणका तपासावा लागतो. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपलं की टोचणारं दुखणं बहुतेकदा सांध्याबाहेरच्या स्नायूंचं असतं. उलट कधी खुबा बिघडलेला असतो आणि दुखतो मात्र गुडघा. वर्षभर गुडघ्यावर उपचार चालू आहेत आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आहे, असं असेल तर एकदा खुबा तपासून घ्याच.

भेटीला जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: दुखणं कोणत्या महिन्यात सुरू झालं, कोणत्या हालचालीत वाढतं (उकिडवं बसणं, जिना, गाडीवर टांग टाकणं, मोजे घालणं), आत काही अडकल्यासारखं किंवा 'कट्' झाल्यासारखं वाटतं का, रात्री झोपेतून जाग येते का, आधी स्टेरॉइड घेतलं होतं का.

२. तपासण्या योग्य क्रमानं करा

आधी एक्स-रे, मग एमआरआय. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

एक्स-रे दोन्ही खुब्यांचा एकत्र, समोरून आणि शक्यतो उभं राहून काढलेला हवा. फक्त दुखऱ्या बाजूचा काढला तर दोन्हींची तुलना होत नाही. सोबत पाय विशिष्ट कोनात वाकवून काढलेला 'डन व्ह्यू' लागतो, कारण गोळा आणि मान (गोळ्याखालचा हाडाचा निमुळता भाग) यांच्यामधला हाडाचा फुगवटा समोरून काढलेल्या साध्या फोटोत लपून राहतो. सर्जन यावर तीन गोष्टी मोजतात. पहिली अल्फा कोन. तो साधारण ५५ ते ६० अंशांच्या वर गेला की फुगवटा आहे असं धरतात. दुसरी, उखळीनं गोळ्याला किती झाकलं आहे. हा कोन २५ ते ४० अंश असला तर ठीक. २० च्या खाली म्हणजे उखळ उथळ आहे, आणि ४० च्या वर म्हणजे उखळीचा काठ जास्त पुढं आला आहे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सांध्यातली फट. ती २ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर दुर्बिणीनं फायदा होण्याची शक्यता फार कमी.

एमआरआय सांगताना 'दोन्ही खुब्यांचा' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. रिपोर्टसोबत सीडी किंवा डिजिटल प्रत मागा. बाहेरगावचे सर्जन रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून चित्रंच पाहतात.

इथं एक सापळा आहे. उखळीच्या काठाला रबरी वॉशरसारखी एक कडी असते, तिला लेब्रम म्हणतात. रिपोर्टमध्ये 'लेब्रल टिअर' वाचलं की अनेकांना वाटतं, ऑपरेशन ठरलं. पण ज्यांना काहीही तक्रार नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही फाटलेला लेब्रम सर्रास दिसतो. तक्रार, तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तरच पुढं जावं. शंका असेल तर सर्जन सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देऊन पाहतात, सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या मदतीनं. त्यानंतरचे काही तास तुमच्या हातात असतात: जिना चढा, उकिडवे बसून पाहा, जे केल्यानं दुखतं ते करा. दुखणं बरंच थांबलं तर मूळ सांध्यातच आहे. काहीच फरक पडला नाही तर दुर्बिणीनंही पडण्याची शक्यता कमी. इंजेक्शनमध्ये स्टेरॉइडही दिलं असेल तर तारीख लिहून ठेवा. जंतुसंसर्गाच्या भीतीनं त्यानंतर साधारण तीन महिने शस्त्रक्रिया टाळतात.

३. हे आजार आधी बाजूला काढा

या पायरीवर घाई करू नका. जांघेत दुखणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाला दुर्बीण लागत नाही, आणि काही आजारांत ती केल्यानं महत्त्वाचा वेळ वाया जातो.

पहिला आजार म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, ज्याला सगळे 'एव्हीएन' म्हणतात. स्टेरॉइड, दारू, सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि मांडीच्या हाडाच्या मानेचं जुनं फ्रॅक्चर ही मोठी कारणं. स्टेरॉइड म्हणजे फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलं नव्हे. सांधेदुखीवर किंवा दम्यावर कागदात बांधून मिळणाऱ्या पुड्या, जिममधली इंजेक्शनं, कोविडच्या काळात घेतलेला कोर्स, हे सगळं सांगा. कुणी रागावणार नाही, उलट निदान लवकर होईल. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो आणि एमआरआयमध्ये मात्र आजार दिसतो. अनेकदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणूनच दोन्ही खुब्यांचा एमआरआय. गोळा खचण्याआधी कळलं तर मांडीच्या बाहेरून लहान भोक पाडून हाडातला दाब कमी करता येतो. त्याला 'कोअर डिकम्प्रेशन' म्हणतात. भोक लहान असल्यानं लोक यालाही 'दुर्बीण' म्हणतात, पण ही वेगळी शस्त्रक्रिया आहे. तुम्हाला यातली नेमकी कोणती सुचवली आहे, ते नाव लिहून घ्या. गोळा खचून सांधा झिजला असेल तर बहुतेकांना सांधेबदलच लागतो.

दुसरा आजार म्हणजे क्षय. खुब्याचा टीबी आपल्याकडे आजही दिसतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री दुखण्यानं जाग येणं, लंगडणं वाढत जाणं अशी लक्षणं असतील तर ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एमआरआय आधी. संशय असेल तर दुर्बिणीतून सांध्याचा तुकडा घेऊन तपासतात. तिथं दुर्बीण निदानासाठी वापरली जाते, मुख्य उपचार क्षयाच्या औषधांचा.

तिसरा, तरुणांमध्ये सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकणारा ताठरपणा, जो चालल्यावर सैल होतो आणि विश्रांतीनं वाढतो. ही खूण संधिवाताची, विशेषतः मणक्याच्या संधिवाताची असू शकते. अशा वेळी संधिवात तज्ज्ञ गाठा.

उथळ उखळ असलेल्यांना नुसती दुर्बीण धोक्याची ठरते. उखळ आधीच कमी झाकते, त्यात सांध्याचं आवरण कापलं तर गोळा अस्थिर होऊ शकतो. अशांना उखळीची दिशा बदलणारी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. झीज पुढे गेलेल्यांना सांधेबदल.

मग उरतं कोण? हाडाचा फुगवटा किंवा पुढं आलेला काठ यांची टक्कर होणारे, फाटलेल्या लेब्रममुळं दुखणारे, सांध्यात सुटे तुकडे असणारे, सांध्यात पू झाल्यामुळं धुवावा लागणारे. वय नुसतं पाहून नाही म्हणत नाहीत, पण पन्नाशीनंतर झीज आहे का हे जास्त काटेकोरपणे पाहतात.

४. आधी तीन महिने व्यायाम, प्रामाणिकपणे

हाडांची टक्कर किंवा लेब्रमची तक्रार असेल तर निदान तीन महिने फिजिओथेरपी करून पाहणं, ही ऑपरेशन टाळण्याची सबब नाही. ब्रिटनमधल्या 'यूके फॅशन' या अभ्यासात ३४८ रुग्णांपैकी निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना खास आखलेली फिजिओथेरपी दिली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. एका वर्षानंतर दोन्ही गट सुधारले होते. शस्त्रक्रियेचा गट १०० गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ६.८ गुणांनी पुढं होता. फरक खरा आहे, पण व्यायामानंही पुष्कळांना आराम पडतो, हेही तितकंच खरं.

व्यायाम म्हणजे कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं. जांघ ताणणारी जोरदार आसनं करणं नव्हे. हाडाला हाड आपटत असेल तर खोल मालासन किंवा ओढून घातलेलं पद्मासन यांनी लेब्रम आणखी चेपतो. 'ताणलं की सुटेल' हा सल्ला इथं उलटा पडतो. याच काळात बैठक बदला. विडी वळताना तासन्‌तास जमिनीवर बसावं लागत असेल तर १८ ते २० इंच उंचीची खुर्ची आणि समोर सूप ठेवायला उंच चौरंग अशी मांडणी करा. गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. देशी संडासवर प्लास्टिकची कमोड खुर्ची आताच आणा, ऑपरेशननंतरही तीच लागणार आहे.

तीन महिन्यांत दुखणं निम्म्यावर आलं तर व्यायाम चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर पुढची पायरी.

५. सर्जनला विचारायचे प्रश्न

सोलापुरात पहिली तपासणी सिव्हिलच्या, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे करा. दुर्बिणीसाठी मात्र जो हे काम नियमित करतो त्याच्याचकडे जा. हे शिकायला कठीण तंत्र आहे आणि हात बसायला पुष्कळ शस्त्रक्रिया कराव्या लागतात. म्हणून नम्रपणे पण स्पष्ट विचारा:

- तुम्ही वर्षाला किती खुब्यांची दुर्बीण करता? (गुडघे आणि खांदे धरून नाही.)
- माझा अल्फा कोन, उखळीचा कोन आणि सांध्यातली फट किती आहे?
- लेब्रम शिवणार की काढणार? शक्य असेल तिथं शिवणं पसंत करतात.
- सांध्याचं कापलेलं आवरण शेवटी शिवून बंद करणार का? नाही तर का नाही?
- आत गेल्यावर झीज जास्त आढळली तर काय करणार?
- सोलापुरात टाके कोण काढेल, आणि अडचण आली तर मी फोन कुणाला करू?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका. दुसरं मत घेण्यात गैर काही नाही. चांगले सर्जन त्याला हरकत घेत नाहीत.

६. पैसे आणि कागदपत्रं

अंदाजपत्रक तपशिलासह मागा. लेब्रम शिवायला हाडात बसवायचे छोटे खिळे, म्हणजे ॲंकर, दोनपासून पाचपर्यंत लागू शकतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी लागते. शिवाय हाड तासायचं बर, शेव्हरचं पातं, रेडिओफ्रिक्वेन्सीची कांडी या एकदाच वापरायच्या वस्तू असतात. 'पॅकेज'मध्ये हे धरलं आहे का, ते विचारा. सुटी मिळताना वापरलेल्या प्रत्येक ॲंकरचं स्टिकर कागदांवर चिकटवलेलं हवं. विमा कंपनी ते मागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र राबवल्या जातात. संरक्षण प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. पण ५ लाखांपर्यंत म्हणजे कोणतीही शस्त्रक्रिया कुठंही, असं नाही. रुग्णालय योजनेत असावं लागतं, तुमची प्रक्रिया यादीत असावी लागते, आणि नियोजित शस्त्रक्रियेची मंजुरी आधी मिळावी लागते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, प्रक्रियेचं डॉक्टरांनी लिहिलेलं नेमकं नाव घेऊन जा आणि यादीत दाखवायला सांगा. 'बघू, होऊन जाईल' या उत्तरावर दाखल होऊ नका. हेल्पलाइन १५५३८८. कारखान्यात ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर ईएसआय दवाखान्यातून रेफरची चिठ्ठी आधी घ्यावी लागते. स्वतःहून दुसरीकडे जाऊन नंतर बिल मागितलं तर ते अडकतं.

खासगी विम्यात तीन ठिकाणी माणसं फसतात. एक, प्रतीक्षाकाळ. पॉलिसीआधीपासूनच्या आजाराला तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. दोन, खोलीभाड्याची मर्यादा. त्याहून महाग खोली घेतलीत तर पुष्कळ पॉलिसींत सर्जनच्या फीसकट बिलातली कपात त्याच प्रमाणात वाढते. तीन, केस पेपर. दुखणं आठ महिन्यांचं असताना घाईत कुणी 'पाच वर्षांपासून' लिहिलं, तर दावा आधीचा आजार म्हणून नाकारला जाऊ शकतो. जे खरं आहे तेच सांगा आणि कागदावर तेच उतरलंय का, हे तिथंच वाचून घ्या.

फाइलमध्ये हे हवं:

- आधार, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड किंवा विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- सगळे एक्स-रे, एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट
- फिजिओथेरपीच्या नोंदी तारखांसह (मंजुरी देणारे 'आधी काय केलं' हे विचारतात)
- चालू औषधांची यादी, प्रमाणासह, आणि ॲलर्जी
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, मधुमेह असल्यास एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर)
- सोबतच्या नातेवाइकाचं ओळखपत्र

प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ प्रत कुणालाही पावतीशिवाय देऊ नका.

७. आधीचे चार आठवडे

तंबाखू बंद. यात मिश्रीही आली. दात घासण्यापुरती म्हणून ती कुणी मोजत नाही, पण निकोटिन रक्तात जायचं ते जातंच आणि शिवलेली जागा भरायला अडथळा होतो.

जांघेतला नायटा, गजकर्ण, घामोळं, पुटकुळ्या हे सगळं आधी बरं करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे फार लोकांना असतं आणि लाजेपोटी सांगत नाहीत. भोकं पाडायची जागा तिथून वीतभरावर असते. त्वचा बिघडलेली दिसली तर ऐन वेळी ऑपरेशन पुढं ढकलतात आणि पुण्याची खेप वाया जाते. घरी वस्तरा लावू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. केस काढायचे असतील तर रुग्णालयात मशीननं काढतात. लघवीची जळजळ, किडका दात, खोकला-ताप असेल तर आधी कळवा.

रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या यांच्याबद्दल भूलतज्ज्ञांना विचारूनच काय बंद करायचं ते ठरवा. मनानं काही थांबवू नका. आदल्या रात्रीनंतर उपाशी म्हणजे घन पदार्थ निदान सहा तास आधीपासून बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळचा कपभर चहा दुधाचा असतो, तो जेवणाच्याच हिशेबात धरला जातो. या एका कपानं यादीतलं नाव शेवटी गेल्याचं वारंवार घडतं.

कुबड्यांचा सराव आधीच करा. काखेखालच्या कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवा, मूठ मनगटाच्या रेषेत आणि कोपर किंचित वाकलेला. वजन हातांवर घ्यायचं असतं. काखेवर लटकलं तर हाताच्या नसा दबतात. वजन मोजायचा काटा जमिनीवर ठेवून दुखऱ्या पायानं ९–१० किलो दाबून पाहा. पुढचे काही आठवडे एवढाच भार टाकायचा असतो आणि तो किती असतो, हे पायाला आधी कळलेलं बरं.

८. थिएटरमध्ये काय होतं

बहुधा पूर्ण भूल देतात, म्हणजे स्नायू सैल पडतात. पाय खास टेबलाला बांधून ओढतात आणि गोळा उखळीपासून ८ ते १० मिलिमीटर सरकला की एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई घालतात. साधारण १ सेंटिमीटरची दोन-तीन भोकं, एकातून ७० अंशांत वळून पाहणारी दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारं. आत सलाइन सतत फिरतं. लेब्रम ॲंकरनं शिवतात. मग ओढ सोडून, खुबा वाकवून फुगवटा तासतात आणि पडद्यावर पुन्हा पाहतात. थोडं जास्त तासलं तर मान कमकुवत होते, कमी तासलं तर टक्कर तशीच राहते. पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे हे कमी तासणं. एकूण वेळ दीड ते अडीच तास, त्यातली ओढ दोन तासांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

या ओढीमुळं दोन्ही मांड्यांमधल्या नाजूक जागी किंवा पायाच्या वरच्या भागावर बधिरपणा येऊ शकतो. भोकांजवळच्या नसेमुळं मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटू शकतं. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि लाजून बोलत नाही. बोला. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ, मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर, सलाइन पोटात झिरपणं हे दुर्मीळ पण गंभीर धोके आहेत. संमतिपत्रावर सही करण्याआधी त्यातला प्रत्येक मुद्दा मराठीत समजावून मागा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषेत सांगणारं माणूस सोबत ठेवा.

९. पुण्याहून सोलापूर

सुमारे २५० किलोमीटर. सुटी झाली त्याच दिवशी निघू नका, दोन-तीन रात्री तिथंच राहता आलं तर पाहा. चारचाकीत पुढची सीट पूर्ण मागं सरकवून पाठ कलती करा, खुबा ९० अंशांपेक्षा कमी वाकलेला राहिला पाहिजे. आत बसताना आधी पाठमोरं सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की वळणं सोपं जातं. दर तासाला थांबा: भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे टप्पे पाडता येतात. उतरून चार पावलं चाला, सीटवर असताना पंजे वर-खाली हलवत राहा. खुर्च्यांच्या डब्यातून रेल्वेनं येणं सोयीचं वाटतं, पण खुबा तीन-चार तास सरळ काटकोनात राहतो. रेल्वेच हवी तर आडवं होता येईल अशी खालची बर्थ घ्या.

१०. पहिले सहा आठवडे

तुमच्या सर्जननं दिलेला तक्ता शेवटचा शब्द. सर्वसाधारण चित्र असं:

पाऊल पूर्ण टेकवायचं, भार ९–१० किलो, दोन-तीन आठवडे. तासलेलं हाड आणि शिवलेली कडी दोन्ही कच्ची असतात. कूर्चेसाठी, म्हणजे सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत थरासाठी, हाडाला बारीक छिद्रं पाडली असतील तर हाच काळ सहा ते आठ आठवडे होतो. 'दुखत नाही म्हणून कुबड्या टाकल्या' ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

पहिल्या दिवसांपासून, परवानगी असेल तर, स्थिर सायकल बिनजोराची, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, सीट उंच ठेवून. घरच्यांना फिजिओकडून पाय गोल फिरवून द्यायला शिकवा. सांधा आतून चिकटू नये म्हणून हे करतात. रोज थोडा वेळ पालथं झोपा. ९० अंशांपलीकडं वाकणं, पाय बाहेर फिरवणं आणि सरळ पाय उचलण्याचा व्यायाम टाळा. तो 'सोपा' म्हणून कुणीही सुचवतं, पण खुब्यापुढचा स्नायू त्यानं चिडतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

सूज कमी करणाऱ्या गोळ्या दोन-तीन आठवडे देतात. त्या फक्त दुखण्यासाठी नसतात, सांध्याभोवती नको तिथं हाड वाढू नये म्हणूनही असतात. दुखत नाही म्हणून मध्येच थांबवू नका, पोटभर खाऊनच घ्या. जळजळ झाली, शौचाला काळं झालं, लघवी कमी झाली तर लगेच कळवा. बर्फ कापडात गुंडाळून १५–२० मिनिटं. टाके १० ते १४ दिवसांनी.

घरात शहाबादी फरशी ओली असली की कुबडी सरकते. कुबडीचं रबर नवं घ्या, मोरीत खुर्ची आणि जाळीची चटई ठेवा. नळाला पाणी येईल त्या दिवशी हंडे-बादल्या उचलायला दुसरं माणूस ठरवून ठेवा, कारण नेमक्या त्याच दिवशी सवयीनं हात जातो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

११. सहा आठवड्यांनंतर

बसून करायचं काम बहुधा दोन-तीन आठवड्यांत सुरू होतं. यंत्रमागावर उभं राहून पाळी करणाऱ्यांनी मात्र दोन-तीन महिने धरावेत आणि मालकाला आधीच लेखी कळवावं. दुचाकीला लाथ मारणं आणि टांग टाकणं सहा आठवड्यांआधी नको. पळणं तीन-चार महिन्यांनी, खेळ चार ते सहा महिन्यांनी, तेही एका पायावर तोल आणि ताकद तपासून. मांडी घालणं तीन-चार महिन्यांनी फिजिओसमोर करून पाहा. जबरदस्तीनं गुडघा जमिनीला टेकवू नका. काहींना ते पूर्वीसारखं जमत नाही, म्हणून पूजा, पंगत, विड्यांचं काम यासाठी खुर्चीची सवय कायम ठेवणं शहाणपणाचं. पंढरीची पायी वारी त्या वर्षी सोडा. पुढच्या वर्षी जायचं असेल तर दोन-तीन महिने आधीपासून रोज थोडं अंतर वाढवत चाला.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच जणांचं दुखणं पुन्हा वर येतं, कारण माणूस एकदम कामाला लागतो. चार-पाच दिवस भार कमी करा. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवा.

१२. वाट न पाहता फोन करायचा तो केव्हा

पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो: त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं: १०८. ताप १०१ च्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत चाललेली: त्याच दिवशी. पडलात किंवा पायाखाली काही सटकल्यासारखं होऊन अचानक भार टाकवेना: पाय टेकवू नका, एक्स-रे होईपर्यंत झोपून राहा. लघवी तुंबली किंवा पंजा वर उचलेना: तासांचा हिशेब आहे, सकाळपर्यंत थांबू नका.

डिस्चार्ज कार्ड उशाशी ठेवा. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, कोणत्या बाजूची, किती ॲंकर, चालू गोळ्या आणि सर्जनचा नंबर ठळक लिहा. रात्री बारा वाजता सोलापुरात जो डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा पाहील, त्याला पहिल्या मिनिटात याचीच गरज पडते.